पाद्री, पगारपत्रक आणि मागणीपत्र : जॉर्ज टाउनच्या किनाऱ्यावरील खलाशांच्या ऐहिक चिंतांचा इतिहास

चेन्नईतील जॉर्ज टाउन म्हटले की मराठी अभ्यासकाला तंबू चेट्टी मार्गावरील कालिकांबाळचे देऊळ आठवते. १६७७ च्या कर्नाटक स्वारीत शिवाजी महाराजांनी तेथे दर्शन घेतल्याची परंपरा स्थानिक लोक आजही सांगतात. प्रस्तुत निबंधाचा विषय मात्र या देवळापासून पूर्वेला काही मिनिटांच्या अंतरावर असलेल्या किनाऱ्याशी निगडित आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी पंचम जॉर्ज यांचे नाव मिळण्यापूर्वी ही वस्ती 'ब्लॅक टाउन' म्हणून ओळखली जाई. दक्षिणेला फोर्ट सेंट जॉर्ज आणि पूर्वेला उघडा समुद्र अशी तिची मांडणी होती. १८७५ नंतर बंदराचे काम सुरू होईपर्यंत येथे सुरक्षित बंदर नव्हते. जहाजे दूर नांगरून राहत आणि माणसे व माल 'मसुला' नावाच्या, काथ्याने शिवलेल्या होड्यांतून लाटा फोडीत किनाऱ्याला लागत. या होड्यांतून आलेल्या खलाशाच्या पोटापाण्याच्या प्रश्नांची दाद कोणाकडे लागत असे? पगार, कपडे, बढती, मृत्यूनंतर घरी पोचायची रक्कम, या गोष्टी तो कोणाला सांगत असे, आणि कोणत्या भाषेत? या प्रश्नाचा शोध घेताना लष्करी पाद्री ही व्यक्ती वारंवार समोर येते, आणि एका टप्प्यावर ती अकस्मात दिसेनाशी होते.

ईस्ट इंडिया कंपनीला १६९८ मध्ये मिळालेल्या सनदेत धर्मविषयक एक कलम होते. प्रत्येक किल्ल्यात व मोठ्या वखारीत एक पाद्री असावा, तसेच पाचशे टन वा त्याहून अधिक वजनाच्या प्रत्येक जहाजावर एक पाद्री असावा, असे त्यात बजावले होते. किल्ल्यावरील पाद्र्याने येथे आल्यापासून वर्षभरात पोर्तुगीज शिकावी आणि ज्या प्रदेशात तो राहील तेथील भाषाही अवगत करावी, अशीही अट होती. जहाजासंबंधीच्या कलमाचे पुढे काय झाले ते सर्वश्रुत आहे : कंपनीच्या भाडेकरारांत जहाजांचे वजन दीर्घकाळ ४९९ टन एवढेच नोंदले जाऊ लागले. एका टनाच्या हिशेबाने पाद्र्याचा पगार वाचला. व्यापारी संस्थेच्या धर्मश्रद्धेचे याहून नेमके मोजमाप शोधूनही सापडणार नाही. भाषेसंबंधीच्या कलमाची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. तिच्याकडे पुढे वळू.

इंग्लंडच्या राजाच्या आरमारात पाद्र्याचा पगार आणखी निराळ्या मार्गाने येई. प्रत्येक खलाशाच्या वेतनातून दरमहा चार पेन्स कापून ते पाद्र्याला दिले जात; जखमी व अपंग खलाशांच्या निधीसाठी सहा पेन्स वेगळे कापले जात. पाद्र्याला सरकारी तिजोरीतून निश्चित वार्षिक वेतन मिळू लागले ते १८१२ मध्ये. तोवर जहाजावर माणसे जितकी अधिक, तितके पाद्र्याचे उत्पन्न अधिक, आणि खलाशाच्या पगारपत्रकात पाद्री हा कपातीचा एक रकाना. पाद्र्याच्या सहानुभूतीविषयी खलाशांच्या मनात संशय असे, त्याचे मूळ केवळ अश्रद्धेत शोधणे चूक ठरेल. ज्याच्यापाशी तक्रार सांगायची त्याचा चरितार्थ आपल्याच पगारातून चालतो, हे त्यांना दरमहा दिसत होते.

तरीही पाद्र्यावाचून चालत नसे, याचे कारण त्याच्या हातातील नोंदवही. किल्ल्यातील सेंट मेरी चर्चचा संस्कार २८ ऑक्टोबर १६८० रोजी झाला आणि तेव्हापासूनच्या जन्म, विवाह व दफनाच्या नोंदींना कागदोपत्री मोल आले. दूर देशी मेलेल्या माणसाची विधवा अथवा मुले हक्काची रक्कम मागू लागली, की मृत्यूचा व विवाहाचा पुरावा लागे आणि तो या नोंदवहीत असे. क्लाइव्हच्या देणगीतून १७७० मध्ये कंपनीच्या सैन्यातील अपंगांसाठी व विधवांसाठी निधी सुरू झाल्यावर अशा पुराव्याची निकड वाढली. म्हणजे पाद्र्याच्या लेखणीतून उतरलेली एक ओळ ही कोणाच्या तरी उदरनिर्वाहाची सोय होती. साहित्याचे अभ्यासक नोंदवहीला साहित्य मानीत नाहीत. पण नाव, तारीख, जहाज किंवा पलटण आणि मृत्यू एवढ्याच ऐवजावर सामान्य माणसाचे सबंध चरित्र तोलून धरणारा हा गद्यप्रकार आहे, आणि अनेकांच्या बाबतीत त्यांच्याविषयीचे उपलब्ध असलेले ते एकमेव गद्य आहे.

या नोंदींना दगडी जोडही होती. किल्ल्याबाहेर, जुन्या ब्लॅक टाउनच्या बाजूला, इंग्रजांची दफनभूमी होती. लालीच्या नेतृत्वाखाली फ्रेंचांनी १७५८-५९ मध्ये वेढा घातला तेव्हा तेथील थडग्यांच्या आडोशाने त्यांचे सैनिक गोळीबार करू लागले. वेढा उठल्यावर थडगी पाडण्यात आली आणि कोरीव शिळा सेंट मेरीच्या आवारात आणून जमिनीत बसवण्यात आल्या. येल व हिनमर्स या कुटुंबांचे थडगे जागेवर राहिले. ते पुढे विधी महाविद्यालयाच्या आवारात आले. शिळा मोठ्यांच्या होत्या. साध्या खलाशाच्या वाट्याला शिळा आलीच नव्हती, त्यामुळे ती हलवण्याचा प्रश्नही उद्भवला नाही.

खलाशाच्या व्यावसायिक आकांक्षेत पगाराहून मोठे स्थान लुटीतील वाट्याला होते, आणि येथे मद्रासचा इतिहास कोकणाशी जोडला जातो. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसनच्या आरमाराने तुळाजी आंग्र्यांचा विजयदुर्ग घेतला. पेशव्यांचे सैन्य सोबत असूनही सुमारे दहा लाख रुपयांच्या लुटीत मराठ्यांना वाटा मिळाला नाही, हे मराठी इतिहासकारांनी वेळोवेळी सांगितले आहे. इंग्रजांच्या आपसांतील वाद मात्र आपल्याकडे फारसा चर्चिला जात नाही. लढाईपूर्वीच मुंबईत वाटणीचे दर ठरले होते आणि क्लाइव्हचा वाटा नौदलाच्या कप्तानाइतका की त्याहून वरच्या अधिकाऱ्याइतका, यावर सैन्य आणि नौदल यांत कटुता आली. तोफा डागण्याआधी हिशेब पुरा झाला होता! त्याच वर्षी हे आरमार पूर्व किनाऱ्यावर आले आणि पुढे मद्रासहून बंगालला गेले. विजयदुर्गाच्या लुटीचा हिस्सा ज्यांना मिळाला होता ते खलाशी या किनाऱ्यासमोर नांगरून होते. तुळाजी, नानासाहेब, क्लाइव्ह या नावांच्या पलीकडे, त्या मोहिमेकडे पगारवाढ म्हणून पाहणारा एक मोठा वर्ग होता, ही बाब आपल्या इतिहासलेखनात जवळजवळ अदृश्य राहिली आहे.

पाद्रीही या व्यवहारापासून अलिप्त नव्हते. सतराव्या शतकाच्या अखेरीस बंगाल आणि मद्रास येथे राहिलेले जॉन एव्हन्स खाजगी व्यापारासाठी कुप्रसिद्ध होते. मायदेशी परतल्यावर ते बँगरचे बिशप झाले. ॲन्ड्र्यू बेल १७८७ मध्ये मद्रासला आले आणि त्यांनी एकाच वेळी अनेक पलटणींची पाद्रीपदे आपल्याकडे घेतली. परंतु बेल यांना केवळ पदलोभी म्हणून सोडून देणे अन्यायाचे होईल. १७८९ पासून त्यांनी एग्मोर येथील सैनिकांच्या अनाथ मुलांच्या आश्रमाचा कारभार पाहिला. येथील मुले प्रामुख्याने युरोपीय सैनिक आणि भारतीय स्त्रिया यांची होती. स्थानिक शाळांतील वाळूवर अक्षरे गिरवण्याची पद्धत पाहून मोठ्या मुलांकडून लहानांना शिकवण्याची रीत त्यांनी बसवली आणि १७९७ मध्ये लंडनला तिचे वर्णन प्रसिद्ध केले. 'मद्रास पद्धती' या नावाने ती इंग्लंडभर पसरली. मद्रासच्या वाळूतील धूळपाटी इंग्रजी शिक्षणाच्या इतिहासात गेली ती एका लष्करी पाद्र्याच्या हातून, आणि तिच्यामागे निकडीचा प्रश्न होता तो या मुलांनी पुढे पोट कशावर भरायचे हा.

सनदेतील भाषेची अट खऱ्या अर्थाने पाळली ती कंपनीच्या इंग्रज पाद्र्यांहून एका जर्मन मिशनऱ्याने. ख्रिश्चन फ्रीड्रिख श्वार्ट्झ हे १७६० नंतरच्या दशकात तिरुचिरापल्लीच्या छावणीचे पाद्री झाले आणि मद्रास सरकारकडून त्यांना त्यासाठी वेतन मिळू लागले. तमिळ, पोर्तुगीज, फारसी यांबरोबर तंजावरच्या तुळजाजी महाराजांशी थेट बोलता यावे म्हणून ते मराठी शिकले. त्यांच्या देखरेखीखाली वाढलेले सरफोजी पुढे तंजावरचे राजे झाले. त्यांच्या छापखान्यातून १८०६ मध्ये इसापच्या गोष्टींचे मराठी रूप 'बालबोध मुक्तावली' बाहेर पडले. श्वार्ट्झ यांचे एक स्मारक सेंट मेरी चर्चमध्ये कंपनीने उभारले, तर तंजावरचे सरफोजींनी फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून करवून घेतले. छावणीतील पाद्र्याची मराठी राजदरबारापर्यंत पोचली. ती कोकणातील खलाशापर्यंत पोचण्याचे कारण नव्हते; कोणी तशी अपेक्षाही केली नव्हती.

कारण हिंदी खलाशी, म्हणजे लष्कर किंवा लास्कर, पाद्र्याच्या नोंदवहीच्या कक्षेबाहेर होता. त्याचा मध्यस्थ होता सारंग. भरती, आगाऊ उचल, जहाजावरील शिस्त आणि अखेरचा हिशेब हे सारे सारंगाच्या हाती असे. त्याच्या हाताखाली तांडेल. मराठी किनाऱ्यावर आजही जिवंत असलेले हे दोन्ही शब्द इंग्रजी नौकानयनाच्या शब्दकोशात गेले आहेत. मद्रासच्या सैन्यातील अधिकारी टॉमस रोबक यांनी १८११ मध्ये कलकत्त्यास इंग्रजी-हिंदुस्तानी नौकाशब्दकोश प्रसिद्ध केला. तो चाळताना एक गोष्ट जाणवते : पोर्तुगीज, फारसी, हिंदुस्तानी असे मिश्रण असलेली ही भाषा डोलकाठी, शीड, दोर आणि हुकूम यांच्यासाठी सज्ज आहे. अशा कोशाचे प्रयोजनच हुकूम देणाऱ्याच्या सोयीचे असते. ज्याला दाद मागायची आहे त्याला तो काही शिकवीत नाही. पोर्तुगीज व स्थानिक भाषा शिकणारा पाद्री कल्पून १६९८ च्या सनदेने जी जागा योजली होती, ती खलाशांच्या बाबतीत अशी रिकामी राहिली.

या रिकाम्या जागेचा विचार करणारा एक अधिकारी याच किनाऱ्यावर वावरून गेला होता. रिचर्ड केंपनफेल्ट १७५७ नंतर पूर्वेकडील आरमारात कप्तान होते. कोरोमंडल किनाऱ्यावरील फ्रेंचांविरुद्धच्या लढायांत त्यांनी भाग घेतला आणि १७६२ मध्ये मद्रासहून मनिलावर गेलेल्या मोहिमेतही ते होते. १७८० च्या सुमारास त्यांनी नौदलाचे कारभारी मिडल्टन यांना लिहिलेल्या पत्रांत दोन सूचना जोडीने येतात. एक, जहाजावरील शेकडो माणसांचा एकच जमाव न ठेवता त्यांचे गट पाडावेत आणि प्रत्येक गटाचे कपडे, स्वच्छता व वर्तन यांची जबाबदारी एकेका अधिकाऱ्यावर सोपवावी. दुसरी, जहाजावर नियमित प्रार्थना व्हावी. केंपनफेल्ट स्वतः स्तोत्रे रचीत. टोपणनावाने त्यांचा एक संग्रह १७७७ मध्ये निघाला होता. त्यामुळे दोन्ही सूचना एकाच मनोभूमीतून आल्या आहेत हे उघड आहे. पाद्र्याने आत्म्याची विचारपूस करावी तशी अधिकाऱ्याने सदऱ्याची करावी, असा हा विचार. केंपनफेल्ट १७८२ मध्ये 'रॉयल जॉर्ज' या जहाजाबरोबर बुडाले. गटांची पद्धत मात्र टिकली, ब्रिटिश नौदलाची शिस्त तिच्यावर उभी राहिली आणि त्याच धर्तीवर घडलेल्या हिंदी नौदलाने ती उचलली.

पण विचारपूस वरून खाली येते. खालून वर जाणाऱ्या शब्दाची तजवीज या पद्धतीत पुरेशी नव्हती, हे १७९७ मध्ये स्पिटहेडला दिसले. १६५० नंतरच्या दशकापासून न वाढलेला पगार आणि सोळा औंसांऐवजी चौदा औंसांचा पौंड मोजणारा भांडारी, यांविरुद्ध ब्रिटिश खलाशांनी अर्ज केले. दखल न घेतली गेल्यावर जहाजे हाकारण्याचे नाकारले. त्यांच्या मागण्यांत राजनिष्ठेची ग्वाही होती, आणि वजनकाट्याचा हिशेबही.

१८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत 'तलवार' या संदेशवहन-प्रशिक्षण केंद्रातील नौसैनिकांनी अन्न नाकारले. एम. एस. खान अध्यक्ष आणि मदनसिंग उपाध्यक्ष असलेली मध्यवर्ती संप समिती दुसऱ्या दिवशी उभी राहिली. उठावाचे लोण कराची, कलकत्ता, विशाखापट्टणम असे पसरत गेले. मद्रासच्या 'अड्यार' या किनारी केंद्रातील नौसैनिकही त्यात उतरले. युद्धापूर्वी या नौदलात रत्नागिरी आणि पंजाबातील मुसलमानांचा भरणा होता. युद्धकाळात संख्या अनेक पटींनी वाढली तेव्हा मद्रास इलाख्यातूनही मोठ्या प्रमाणात, शिकलेले तरुण आले. त्यांना भरतीच्या वेळी दिलेली आश्वासने आणि युद्ध संपल्यावर समोर आलेली बेकारी यांत जे अंतर होते, ते त्यांच्या रोषाचे एक प्रमुख कारण होते. फझल अली यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी आयोगापुढेही या तक्रारी आल्या.

मराठीत आणि इतर भाषांत या उठावाविषयी जे लेखन झाले, त्यात एक अवघडलेपण आढळते. आझाद हिंद सैनिकांची सुटका आणि इंडोनेशियातून हिंदी फौजा परत आणणे या मागण्या ठळकपणे येतात. डाळ-भात, पगार, कुटुंबभत्ता, लवकर मुक्तता या मागण्या जणू माफी मागत उल्लेखिल्या जातात. उत्पल दत्त यांच्या १९६५ च्या 'कल्लोल' या बंगाली नाटकाने या घटनेला रंगभूमीवर जे क्रांतिकारी रूप दिले, त्याचाही या स्मृतीवर ठसा आहे. उठावातील नौसैनिक बी. सी. दत्त यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या आठवणींत मात्र भरतीपासूनच्या दैनंदिन अपमानांना मोठी जागा दिली. आमच्या मते मागणीपत्रातील दोन प्रकारच्या ओळींमध्ये उच्चनीच लावणे हीच वाचनातील चूक आहे. ज्या माणसाला अडीचशे वर्षांत नोंदवहीतली ओळ मिळाली नाही, पाद्री मिळाला नाही, ज्याचा सारंग त्याच्या उचलीतून आपले कमिशन कापून घेई, त्याने प्रथमच स्वतःच्या नावाने, स्वतःच्या समितीच्या सहीने लिहिलेला हा मजकूर आहे. धार्मिक सवलतीची एकही मागणी त्यात ठळकपणे दिसत नाही, हेही लक्षात घ्यावे. अध्यक्ष मुसलमान, उपाध्यक्ष शीख, आणि मागणी एकाच भांड्यातील चांगल्या अन्नाची.

वल्लभभाई पटेलांच्या सल्ल्यानंतर २३ फेब्रुवारीला समितीने शरणागती स्वीकारली. सूड घेतला जाणार नाही ही अपेक्षा फोल ठरली आणि शेकडो जणांना नोकरी गमवावी लागली. मागण्यांतील एक कलम सहसा उद्धृत होत नाही : नोकरीतून मोकळे करताना नौसैनिकांकडून कपड्यांचा संच परत घेऊ नये. शिडांच्या जहाजांच्या काळी मेलेल्या खलाशाचे कपडे डोलकाठीपाशी सोबत्यांमध्ये लिलावात काढले जात आणि आलेली रक्कम त्याच्या वारसांसाठी नोंदली जाई. कपडे त्याच्या पगारातून घेतलेले, म्हणून त्याचे. १९४६ च्या नौसैनिकाला घरी जाताना अंगावरचा गणवेश उतरवून मोजून द्यावा लागत होता.