अंतर्गळ आणि इस्पितळातील रात्र

भाऊसिंगजी रस्त्यावर टाऊन हॉलसमोर जी दगडी, कमानदार इमारत उभी आहे, ती आज सी. पी. आर. या नावाने ओळखली जाते. १८८१ ते १८८४ या काळात ती बांधली गेली, तेव्हा तिचे नाव आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल होते. पुढे १८९४ साली मिरजेला डॉ. विल्यम वानलेस यांनी आपले रुग्णालय उघडले आणि शस्त्रक्रियेसाठी दूरदूरचे लोक तिकडे जाऊ लागले. जात ते एकटे नव्हे. रुग्णामागून घरची माणसे, भांडी आणि शिधाही निघे. इस्पितळात जाणे म्हणजे बिऱ्हाड हलविणेच होते.

अंतर्गळ हे फार जुने दुखणे. पोटाच्या भिंतीतील दुबळ्या जागेतून आतडे बाहेर डोकावते, त्यालाच आपण हर्निया म्हणतो. सुश्रुताने वृद्धिरोगांत ‘अंत्रवृद्धि’ सांगितली आहे. गुळाचे रवे पाठीवर वाहणाऱ्या हमालाला हे दुखणे निराळे समजावून सांगावे लागत नाही. त्याला एकच विचारायचे असते, काम किती दिवस बुडणार?

इटलीच्या बास्सिनीने १८८७ साली जांघेची भिंत थराथराने शिवण्याची पद्धत मांडली, आणि हे दुखणे खऱ्या अर्थाने बरे होऊ लागले. परंतु हालचाल केली तर टाके उसवतील, या भीतीने पुढे कित्येक दशके रुग्णाला दोन-तीन आठवडे खाटेला खिळवून ठेवीत. गंमत अशी की, या सक्तीच्या विश्रांतीनेच पायांच्या शिरांत रक्त साखळण्याचा धोका वाढे.

या रूढीला पहिला मोठा धक्का दिला तो ग्लासगोच्या जेम्स निकोल यांनी. मुलांवर केलेल्या ८,९८८ शस्त्रक्रियांचा वृत्तांत त्यांनी १९०९ साली प्रसिद्ध केला. त्यांत अंतर्गळाच्याही होत्या, आणि मुले त्याच दिवशी घरी गेली होती. तान्ह्या मुलाला आईपासून तोडून वॉर्डात ठेवण्यात काय साधते, हा त्यांचा प्रश्न होता. मात्र त्यांच्या परिचारिका घरोघर जाऊन जखम पाहत, हे विसरता कामा नये. १९५५ साली एडिंबरोच्या फार्क्वारसन यांनी जागा बधिर करून जवळजवळ पाचशे प्रौढांचे अंतर्गळ शिवले आणि त्यांना काही तासांतच घरी पाठविले.

मग दुर्बीण आली. १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहम्तन उडवाडिया यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढले. भारतातली ती पहिली शस्त्रक्रिया. अंतर्गळासाठीही हीच वाट रुळली. तीन लहान छिद्रे, आतून बसविलेली जाळी, दुखणे कमी आणि कामावर लवकर परत. दोन्ही बाजूंना किंवा पुन्हा उद्भवलेल्या अंतर्गळाला तर ही पद्धत विशेष सोयीची. पण येथे एक विपर्यास आहे. छिद्र लहान झाले, तरी भूल मोठी झाली! उघडी शस्त्रक्रिया जागा बधिर करून होऊ शकते. दुर्बिणीला बहुधा संपूर्ण भूल लागते. त्यामुळे रुग्णाला रात्री अडकवून ठेवते ती बहुधा जखम नव्हे, तर मळमळ, गुंगी आणि तुंबलेली लघवी.

शिवाय खर्च आहे. धुळे जिल्ह्यातील दोंडाईच्याचे डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी महागड्या जाळीऐवजी निर्जंतुक केलेले मच्छरदाणीचे कापड वापरून पाहिले, आणि सहकाऱ्यांसह त्याचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध केले. माझ्या मते परदेशी यंत्राच्या कौतुकापेक्षा ही गोष्ट अधिक कौतुकाची आहे. विम्याची तऱ्हा तर न्यारीच. २४ तास दाखल असल्याखेरीज पैसे नाहीत, ही त्याची मूळ अट. एका दिवसात उरकणाऱ्या शस्त्रक्रियांना त्यातून सूट द्यावी लागली ती नंतर. त्याआधी बरा असलेला माणूसही केवळ कागदासाठी खाट अडवून बसे.

२०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने जांघेच्या अंतर्गळाच्या बहुसंख्य रुग्णांसाठी त्याच दिवशी घरी जाण्याची शिफारस केली आहे. अट एवढीच की, पुढील देखरेखीची व्यवस्था असावी. राजारामपुरीतल्या माणसाला ती अवघड नाही. रात्री लघवी अडली, तर रिक्षा आहे, दवाखाना आहे. चंदगडच्या किंवा गगनबावड्याच्या वाडीवरचा माणूस आषाढात संध्याकाळी घरी निघाला, तर त्याला वाटेत ओढा लागतो आणि घरी उकिडवे बसायचा संडास. त्याच्या घरी कोण आहे, फोन लागतो का, गाडी मिळेल का, हे सर्जनने भुलेपूर्वीच विचारले पाहिजे. ग्लासगोच्या त्या परिचारिकांचे काम आमच्याकडे कोणी करायचे, हे अजून ठरलेले नाही.