किंग्डम ट्रेल्स

अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यातील माउंटन सायकलींच्या वाटांचे जाळे व ते सांभाळणारी ना-नफा संस्था. मुख्य ठिकाण ईस्ट बर्क हे खेडे. वाटा लिंडन, कर्बी इ. शेजारच्या गावांच्या हद्दींतही पसरल्या आहेत. एकूण लांबी १०० मैलांहून (सु. १६० किमी.) अधिक. बहुतेक वाटा खाजगी जमिनींतून जातात आणि जमीनमालकांची संख्या शंभराच्या आसपास आहे. एवढे मोठे जाळे शेजाऱ्याशेजाऱ्यांच्या संमतीवर उभे राहिले, यामुळे सामुदायिक वाटांच्या अभ्यासात त्याला विशेष स्थान आहे.

नाव व परिसर : व्हरमाँटच्या ईशान्येकडील ऑर्लिन्स, एसेक्स व कॅलेडोनिया या तीन काउंट्यांना ‘नॉर्थईस्ट किंग्डम’ म्हणतात. हे नाव सेनेटर जॉर्ज एकन यांच्या १९४९ मधील भाषणामुळे रूढ झाले असे मानतात. वाटांचा सर्वांत प्रसिद्ध भाग डार्लिंग हिल या लांबट टेकडीवर आहे. न्यूयॉर्कमधील हॉटेल व्यवसायात श्रीमंत झालेले एल्मर डार्लिंग यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी येथे वाडा बांधला. तो बर्क व लिंडन या गावांच्या शिवेवर असल्याने दोन्ही नावे जोडून त्याला ‘बर्कलिन’ म्हणतात.

इतिहास : स्थापना १९९४. जुने शेतरस्ते, लाकूडतोडीच्या वाटा व स्कीच्या वाटा जोडत जाळे वाढले.

वाटांची रचना : वाट झिजवण्याचे मोठे काम पाणी करते, चाक, बूट आणि खूर माती सैल करून त्याला हात देतात. म्हणून आखणी करणारा आधी पावसात डोंगर पाहतो. टिकाऊ वाटांचे सर्वमान्य निकष आंतरराष्ट्रीय माउंटन बायसिकलिंग असोसिएशनने (स्थापना १९८८, कॅलिफोर्नियातील सायकल क्लबांच्या पुढाकाराने) २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत मांडले आहेत. पहिला निकष ‘निम्म्याचा नियम’. वाटेचा चढ डोंगरउताराच्या निम्म्याहून जास्त नसावा. उतार १६ टक्के असेल, तर वाट ८ टक्क्यांपर्यंतच चढवावी. त्यापेक्षा उभी वाट पाण्याला सोयीची पडते. पाणी वाट ओलांडून जाण्याऐवजी तिच्यावरूनच खाली धावते आणि काही पावसाळ्यांत वाटेचा ओहोळ होतो. संपूर्ण वाटेचा सरासरी चढ १० टक्क्यांच्या आत असावा. एखाद्या छोट्या टप्प्यात १५ टक्क्यांपर्यंत जाता येते. मात्र मातीची जात, खडक व पाऊस पाहून ही मर्यादा ठरते.

दोन बारकाव्यांकडे नवशिके दुर्लक्ष करतात. वाटेचा पृष्ठभाग दरीच्या बाजूला सु. ५ टक्के कललेला असावा, म्हणजे पाणी पातळ थराने पलीकडे उतरते. पण चाकांनी मधोमध खोबण पडते, कडेला मातीचा वरंबा साचतो आणि हा कल दोन-तीन हंगामांत नाहीसा होतो. म्हणून चढती वाट मध्येच थोडी उतरवून पुन्हा चढवतात. शक्य तेथे दर ६ ते १५ मीटरवर असा खोलगट टप्पा ठेवतात. कल बुजला तरी पाण्याला बाहेर पडायला जागा राहते. आपल्याकडील समपातळी चरांची आखणीही डोंगराची समान उंची धरूनच होते. चर पाणी अडवून मुरवतो, वाट त्याला न अडवता पलीकडे सोडते. सपाट जमीन उलट जास्त त्रासाची ठरते. तेथे पाणी साचते, सायकलस्वार डबके टाळून कडेने जातात आणि हातभर वाट खोलीएवढी रुंद होते.

वाटेची पूर्ण रुंदी डोंगरात कोरून काढणे उत्तम. अर्धी कोरून उरलेली भरावावर टाकली, तर श्रम वाचतात. पण भराव दबतो व कड ढासळते. कायम ओल्या जागी दगड बसवतात किंवा लाकडी साकव घालतात.

हत्यारे : मॅक्लाउड (एका बाजूला रुंद फावडे, दुसऱ्या बाजूला दाताळे) व पुलास्की (कुऱ्हाड आणि आडव्या पात्याची कुदळ एकाच दांड्यावर). दुसऱ्या हत्याराला वनरक्षक एड पुलास्की यांचे नाव आहे. १९१० च्या आयडाहोतील महावणव्यात त्यांनी आपल्या तुकडीला खाणीच्या बोगद्यात नेऊन बहुतेकांचे प्राण वाचवले. दोन्ही हत्यारे वणवा विझवणाऱ्यांकडून वाटा बांधणाऱ्यांकडे आली.

चिखलाचा हंगाम : वसंतात वरची माती वितळते, खालची गोठलेलीच असते, पाणी मुरत नाही. या अवस्थेत एका सायकलीने पाडलेली खोबण वर्षभर राहते. म्हणून बर्फ वितळू लागल्यापासून मे महिन्यात माती वाळेपर्यंत वाटा बंद ठेवतात.

झिजेविषयीचा वाद : सायकलींमुळे पायी चालण्यापेक्षा अधिक धूप होते का, यावर एकमत नाही. विल्सन व सेनी यांच्या माँटानातील अभ्यासात (१९९४) घोड्यांचे खूर व माणसांचे पाय चाकांपेक्षा अधिक माती सैल करतात असे आढळले. थर्स्टन व रीडर यांना (२००१) आँटॅरिओतील जंगलात चालणे व सायकल यांचे परिणाम साधारण सारखे दिसले. दोन्ही प्रयोग मर्यादित फेऱ्यांचे होते. गर्दीच्या वाटेला ते तसेच लागू करता येत नाहीत.

जमीनमालक व संमती : व्हरमाँटच्या कायद्यानुसार, जमीनमालकाने मोबदला न घेता लोकांना आपल्या जमिनीत फिरू दिले, तर त्याने जाणूनबुजून किंवा बेपर्वाईने केलेले कृत्य सोडून इतर अपघाताची जबाबदारी त्याच्यावर येत नाही. या संरक्षणामुळेच शेतकरी व वनमालक वाट देऊ शकतात. सायकलस्वारांकडून सदस्यत्वाचे शुल्क घेते ती संस्था, आणि देखभालही तीच करते. संमती मालक केव्हाही मागे घेऊ शकतो. जमिनीतून वाट गेली तरी गवताळ कुरण, साखरेच्या मेपलची बाग आणि घराचे अंगण त्याचेच असते. ही साधी गोष्ट बाहेरगावचा सायकलस्वार फार लवकर विसरतो.

डिसेंबर २०१९ मध्ये डार्लिंग हिलवरील तीन मालकांनी आपल्या जमिनी सायकलींना बंद केल्या. चालणे व स्की यांना मुभा राहिली. वाढलेली गर्दी आणि काही सायकलस्वारांची बेफिकीर वागणूक ही कारणे पुढे आली. मालक थोडे, पण त्यांच्या जमिनी जाळ्याच्या मध्यावर असल्याने अनेक फेऱ्यांचे दुवे तुटले. पंचवीस वर्षांत पावसाने जे केले नाही, ते एका निर्णयाने झाले. पुढे संस्थेने सायकलस्वारांच्या वर्तनाकडे, वाहनतळांकडे, गावरस्त्यांवरील वाहतुकीकडे आणि वाटा किती गर्दी पेलतील या प्रश्नाकडे अधिक लक्ष दिले. वाटांच्या जाळ्यांना १९७० च्या भूवापर कायद्याखाली (ॲक्ट २५०) परवाना लागावा का, याविषयी राज्यात मतभेद आहेत.

अर्थव्यवस्था : खाणावळी, निवासगृहे व सायकल दुकाने यांना आधार.

हिवाळी उपयोग : स्की, बर्फातील पदयात्रा व जाड टायरच्या सायकली.