कादंबरी वाचणं हा आमचा हक्क, आणि तिच्यावर मत देणं हासुद्धा!

चळवळीतल्या तरुणाला "सध्या काय वाचतोयस?" असं विचारलं की उत्तरं ठरलेली असतात. 'जातिसंस्थेचे निर्मूलन', 'शूद्र पूर्वी कोण होते?', 'बुद्ध आणि त्याचा धम्म'. हे ग्रंथ वाचलेच पाहिजेत, त्यावर वाद नाही. पण कादंबरीचं नाव कोणी घेत नाही, आणि घेतलं तरी चोरी पकडल्यासारखं हसत घेतो. अभ्यासवर्गात कादंबरीवर चर्चा ठेवू या असं आम्ही सुचवलं, तेव्हा एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी आम्हाला सुनावलं होतं की गोष्टी वाचणं हा पोट भरलेल्यांचा उद्योग आहे, आपल्याला विचार वाचायचे आहेत. त्यांच्याबद्दल आदर राखून आम्ही म्हणतो, हे मत आंबेडकरी इतिहासाला धरून नाही.

धनंजय कीरांनी लिहिलेल्या चरित्रात बाबासाहेबांच्या मनावर खोल परिणाम करणाऱ्या पुस्तकांचा उल्लेख आहे. त्यात टॉलस्टॉयचं चरित्र आहे आणि दोन कादंबऱ्या आहेत, व्हिक्टर ह्यूगोची 'ले मिझराब्ल' आणि थॉमस हार्डीची 'फार फ्रॉम द मॅडिंग क्राउड'. अर्थशास्त्र, कायदा, धर्मशास्त्र कोळून प्यायलेल्या माणसाला फ्रान्समधल्या एका पाव चोरणाऱ्या कैद्याची गोष्ट आतून हलवते, याचा अर्थ आपण लावायला नको का?

बरं, ही बाबासाहेबांची खाजगी आवड म्हणून सोडून द्यावी, तर २० जुलै १९२४ ला स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेचे उद्देश पाहा. वसतिगृहांच्या जोडीला वाचनालयं, समाजकेंद्रं आणि अभ्यासवर्ग काढून आपल्या लोकांत संस्कृतीचा प्रसार करायचा, असं तिथे नोंदवलेलं आहे. पुढे सभेने मुंबईत मोफत वाचनालय चालवलंसुद्धा. महाडचा सत्याग्रह व्हायला अजून अडीच वर्षं होती. म्हणजे तळ्याच्या पाण्याआधी पुस्तकाचं कपाट उघडलं गेलं होतं. हा क्रम आपल्या भाषणांतून सहसा येत नाही, कारण कपाट उघडण्याचा फोटो निघत नाही.

मराठी कादंबरी तोवर कुणाची होती? बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' १८५७ ची, विषय विधवांची दुःखं. १८९० पासून हरिभाऊ आपट्यांचं 'करमणूक' निघू लागलं आणि 'पण लक्षात कोण घेतो?' त्यातून क्रमशः आली. हरिभाऊंची कळकळ खरीच होती. पण ज्या घरांची ही गोष्ट, त्याच घरांतून तिचे वाचक आले आणि मत देणारेही तिथलेच. १८८५ मध्ये पुण्याच्या ग्रंथकार सभेचं निमंत्रण जोतिरावांना गेलं, तेव्हा त्यांनी न्यायमूर्ती रानड्यांना पत्र पाठवून जायला नकार दिला. ज्यांना माणसाचे हक्क सर्वांना द्यायचे नाहीत त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमचा मेळ बसत नाही, असा त्या पत्राचा रोख होता. मराठी साहित्यव्यवहारावर बहुजन वाचकाने दिलेल्या सगळ्यात परखड मतांपैकी ते एक, आणि आम्ही ते तसंच वाचतो. जोतिरावांना आपण लेखक म्हणून, समाजसुधारक म्हणून मानतो, पण नकार देणारा वाचक म्हणून त्यांच्याकडे पाहायला हवं.

आपल्या बायांना तर वाचनासाठी दोन दारं उघडावी लागली, एक जातीचं आणि एक घरातलं. बेबीताई कांबळे फलटणला छोटंसं दुकान चालवायच्या. पुड्या बांधायला आणलेली रद्दी त्या तिथेच बसून वाचायच्या. लिहू लागल्या तेही घरच्यांपासून लपवून, वर्षानुवर्षं. त्यातून 'जिणं आमुचं' आलं. ते आत्मकथन आहे, कादंबरी नव्हे. पण वाचक घडतो कसा याचं याहून बोलकं उदाहरण आमच्यापाशी नाही.

आता 'फकिरा'. २ मार्च १९५८ ला मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन भरलं, उद्घाटक अण्णाभाऊ साठे. पुढच्याच वर्षी 'फकिरा' प्रसिद्ध झाली, बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केलेली. १९६१ मध्ये तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. एवढी माहिती जयंतीच्या भाषणात सगळे सांगतात. पुस्तक मात्र फार थोड्यांनी वाचलेलं असतं.

'फकिरा' आणि 'ले मिझराब्ल' शेजारी शेजारी ठेवून वाचा, असं आमचं सांगणं आहे. जाँ व्हाल्जाँ बहिणीच्या उपाशी पोरांसाठी पाव चोरतो. शिक्षा पाच वर्षांची, पण पळून जाण्याच्या प्रयत्नांमुळे ती वाढत एकोणीस वर्षांवर जाते. सुटल्यावर त्याच्या हातात पिवळा परवाना असतो, जाईल त्या गावात तो दाखवायचा आणि दारं बंद होताना पाहायची. इकडे फकिरा दुष्काळात मरायला टेकलेल्या आपल्या माणसांसाठी धान्य लुटतो, पुढे इंग्रजांचा खजिना लुटतो. त्याच्या जमातीच्या मानेवर हजेरी आहे. काही केलेलं असो वा नसो, सरकारपुढे हजर राहून आपण इथेच आहोत हे सिद्ध करायचं. गुन्हेगार जमातींचा कायदा १८७१ चा, आणि तो रद्द व्हायला १९५२ उजाडावं लागलं. ह्यूगोचा परवाना एका माणसाच्या गुन्ह्यावर लागलेला आहे. अण्णाभाऊंची हजेरी जन्मावर लागलेली आहे. युरोपातली गरिबी आणि भारतातली जात यांतला फरक समाजशास्त्राच्या वर्गात आम्हाला दोन वर्षं शिकवला गेला, तो या दोन कादंबऱ्यांनी जास्त नीट शिकवला. बाबासाहेबांना ह्यूगो का भिडला असेल, याचाही अंदाज इथे येतो.

पण 'फकिरा'वर आक्षेप आहेत आणि ते दाबून टाकायचं कारण नाही. आमच्या वाचनगटात एका मुलीने सरळ विचारलं, फकिराचा बाप राणोजी शिगावची जोगिणी आपल्या गावात आणतो आणि त्यापायी जीव देतो, तो कुणासाठी? ज्या गावाने त्याला वेशीबाहेर ठेवलं, त्याच गावाच्या इज्जतीसाठी? मग हा पराक्रम म्हणायचा की वतनी गुलामीचाच शेवटचा हप्ता? दुसऱ्याने विचारलं की पाटील आणि कुलकर्णी इतके भले दाखवायची अण्णाभाऊंना काय गरज होती. एक जण यावर चिडला. अण्णाभाऊंवर बोट दाखवता म्हणजे समाजाचा अपमान करता, असं त्याचं म्हणणं.

आमचं मत असं. प्रश्न रास्त आहेत. कुलकर्ण्याच्या बाबतीत आम्हालाही अण्णाभाऊंचा कम्युनिस्ट आशावाद दिसतो, गरीब-गरीब एक होतील आणि भला सवर्ण त्यांच्या बाजूने उभा राहील हा. राणोजीच्या बाबतीत मात्र कादंबरी स्वतःच उत्तर देते. बाप गावाच्या मानासाठी मेला. मुलगा लढतो तो आपल्या माणसांच्या भुकेसाठी, आणि शेवटी सरकारच्या स्वाधीन होतो तोही त्यांना सोडवण्यासाठी. एका पिढीत लढाईचा धनी बदलला. १९५६ च्या धर्मांतरानंतर तीन वर्षांनी आलेल्या पुस्तकात हा बदल योगायोगाने आला असं आम्हाला वाटत नाही. कुणाला वाटत असेल तर त्यांनी पुस्तक हातात घेऊन बोलावं.

अपमान-अपमान ओरडणाऱ्यांना आमचा वेगळा प्रश्न आहे. १४ एप्रिल बौद्ध वस्तीचा आणि १ ऑगस्ट मातंग वस्तीचा, ही वाटणी कुणी केली? ज्याने आपली कादंबरी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली, त्याला आपण एका जातीच्या फलकावर बसवलं आणि आपल्या कपाटातून काढून टाकलं. लेखकाला देव केला की वाचायची जबाबदारी संपते. हार घालून, डीजे लावून मोकळं होता येतं.

मतभेदाची ही रीत आपल्याकडे नवी नाही. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाच्या वातावरणात १९६० च्या दशकात प्रा. गंगाधर पानतावणे यांनी 'अस्मितादर्श' सुरू केलं. त्या त्रैमासिकाने नुसतं दलित साहित्य छापलं नाही, गावोगावी लेखक-वाचक मेळावे भरवले. नाव नीट वाचा, लेखक आणि वाचक. अखिल भारतीय म्हणवणाऱ्या संमेलनांत वाचकाला खुर्ची मिळते, इथे त्याचं नाव मेळाव्याच्या नावातच होतं. कथा-कवितेवर पहिली कठोर बोलणी आपल्याच माणसांकडून ऐकायची, ही सवय त्या पिढीला अशा बैठकांनी लावली.

ही सवय सुटल्याचं नुकसान आपण भोगतोय. आपल्या आत्मकथनांवर प्रस्थापित समीक्षक हळहळले, 'दाहक वास्तव' म्हणाले आणि पुढे गेले. आपली कादंबरी तर त्यांनी फारशी उघडलीच नाही, नामदेव ढसाळांनी 'हाडकी हाडवळा' नावाची कादंबरी लिहिली हे आपल्यातल्याही किती जणांना माहीत आहे? शरणकुमार लिंबाळे यांच्या 'सनातन'ला २०२० चा सरस्वती सन्मान मिळाला, तेव्हा अभिनंदनाच्या पोस्टचा पाऊस पडला. ती कादंबरी कुठे जमते आणि कुठे फसते हे सांगणाऱ्या दोन ओळी शोधताना आमची दमछाक झाली.

आमच्या गटात सध्या बाबुराव बागुलांची 'सूड' चालू आहे. छोटी आहे, १९७० ची. जानकी नावाच्या बाईच्या सुडावर पुरुषाने लिहिलंय, त्यामुळे या वेळी मुली आधी बोलतील आणि मुलगे नंतर, असं ठरलंय. राणोजीचा वाद अजून मिटलेला नाही. तो चिडलेला मुलगा आता आक्षेपांना उत्तर लिहून आणणार आहे, आणि त्यासाठी त्याने 'फकिरा' पहिल्यांदाच पूर्ण वाचायला घेतली आहे.