मारखोर आणि सांबर

मारखोर हा पर्वतावरचा रानबोकड, सांबर हा रानातला थोराड हरिण. दोघेही समखुरी, रवंथ करणारे, वरच्या जबड्यात पटाशीचे दात नसलेले, आणि मराठीत दोघांच्याही मस्तकावरील आयुधाला ‘शिंग’ हा एकच शब्द रूढ असल्यामुळे त्यांच्यातील मुख्य भेद, म्हणजे शिंगाच्या घडणीतला, सहसा दृष्टीआड होतो.

दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० च्या सुमारास ग्वाल्हेरास पडली व तिचेच पुढे लष्कर शहर झाले. दाल बाजारातून डाळदाणा भरणाऱ्या तेथील मराठी घरांत सहाणेशेजारी साबरशिंगाचा तुकडा असे, आणि मुलाची छाती भरली की तो पाण्यात उगाळून बरगड्यांवर लेप देत. लेपाच्या गुणास प्रस्तुत लेखक जामीन नाही. परंतु तो पांढरा उतरे, याचे कारण तो जिन्नस हाडाचा. सांबराचे शिंग अस्थिमय, फक्त नरास येणारे. वाढताना त्यावर लवदार कातडे असते, ते वाळले की नर खोडांवर घासून ते उतरवतो, आणि पुढे शिंग समूळ गळून नवे फुटते. पूर्ण वाढलेल्या प्रत्येक शिंगास बहुधा तीन टोके असतात.

मारखोराचे शिंग म्हणजे अस्थीच्या गाभ्यावर चढलेले, नखाच्या जातीच्या द्रव्याचे म्यान. त्याला ना फाटा, ना गळती. मळसूत्रासारखा पीळ घेत ते आयुष्यभर वाढते व नरात दीड मीटरपर्यंत जाते. मादीसही ते असते, पण आखूड. फारशीत शिंग आणि फांदी दोहोंस ‘शाख’ म्हणतात. गंमत अशी की ही उपमा सांबरास चपखल बसते आणि फारशी नाव मात्र मारखोराच्या वाट्यास आले आहे. ‘सर्पभक्षक’ हा त्या नावाचा अर्थही व्यर्थच, कारण प्राणी निव्वळ शाकाहारी.

मारखोर काश्मिरात पीर पंजाल व काजीनागच्या कड्यांवर आढळतो. सांबर ग्वाल्हेरकरांस जवळचा, शिवपुरीच्या जुन्या शिंदेशाही शिकारगाहीत, म्हणजे आजच्या माधव राष्ट्रीय उद्यानात. सांबराचा नर दोनशे किलोंच्याही पुढे जातो, मारखोर शंभराच्या आसपास. मारखोरास पित्ताशय असते, सांबरास नसते.

अभयारण्यात गळालेले शिंग उचलून आणणेही आता कायद्याने निषिद्ध असल्यामुळे सहाणेशेजारचा तो तुकडा दुर्मीळ झाला. रानात पडलेली शिंगे साळिंदरे चुन्याच्या अंशासाठी कुरतडून फस्त करतात.