‘साइट’ म्हणजे नक्की काय? चिनी भाषिकांना गोंधळात टाकणारे इंग्रजीतले छोटे क्रियापद

चीनमधून ब्रिटन, अमेरिका किंवा ऑस्ट्रेलियात शिकायला गेलेल्या विद्यार्थ्यांच्या निबंधावर अनेकदा लाल शाईतला एक शेरा येतो: ‘साइट युवर सोर्स’. विद्यार्थी बुचकळ्यात पडतो. त्याने मूळ पुस्तकातले एकही वाक्य जसेच्या तसे उचललेले नसते. सगळे स्वतःच्या शब्दांत लिहिलेले असते. मग संदर्भ कशाचा द्यायचा?

अशा चुकीमुळे गुण जातात आणि प्रकरण वाढले तर वाङ्मयचौर्याचा ठपकाही बसू शकतो. पण प्रत्येक वेळी त्यामागे लबाडी असतेच असे नाही. पुष्कळदा गोंधळाची सुरुवात शब्दकोशात होते.

एक चिनी शब्द, दोन इंग्रजी कामे

इंग्रजी-चिनी शब्दकोशात ‘साइट’ या क्रियापदापुढे सहसा ‘यिन्योंग’ हा शब्द सापडतो. ‘कोट’ या क्रियापदापुढेही तोच असतो. ‘यिन’ म्हणजे ओढणे. या अक्षराच्या चित्रात धनुष्य आणि त्याच्या शेजारी एक उभी रेघ असते. ‘योंग’ म्हणजे वापरणे. दुसऱ्याचे काही ओढून आणायचे आणि आपल्या लिखाणात वापरायचे, असा हा शब्द आहे.

इंग्रजीत मात्र ही दोन वेगळी कामे आहेत. ‘कोट’ करणे म्हणजे दुसऱ्याचे शब्द जसेच्या तसे देणे. ‘साइट’ करणे म्हणजे आपल्या म्हणण्याला आधार कोणाचा, ते सांगणे. त्यासाठी मूळ शब्द द्यावे लागतातच असे नाही.

एक उदाहरण पाहू. ‘२०२० च्या जनगणनेनुसार चीनची लोकसंख्या सुमारे १४१ कोटी आहे.’ या वाक्यात अवतरणचिन्हे नाहीत, कोणाचे बोल नाहीत. तरीही लेखकाने जनगणनेला ‘साइट’ केले आहे. ‘जनगणनेनुसार’ हा शब्द काढला तर आकडा तोच राहतो, पण ‘साइट’ करणे संपते. ‘अवतरणच नाही, तर संदर्भ कशाला’ या प्रश्नाचे उत्तर इथे मिळते.

हा फरक चिनी भाषेत सांगताच येत नाही, असेही नाही. तिथे ‘थेट यिन्योंग’ आणि ‘अप्रत्यक्ष यिन्योंग’ असे दोन प्रकार मानले जातात. शब्द एकच असल्याने नुसते ‘यिन्योंग’ म्हटले की डोळ्यांसमोर आधी अवतरणचिन्हे येतात, एवढेच.

मूळ अर्थ: कोर्टात बोलावणे

या क्रियापदाचे मूळ लॅटिन ‘चितारे’मध्ये आहे. त्याचा अर्थ हलवणे, पाचारण करणे. फ्रेंचमार्गे ते पंधराव्या शतकात इंग्रजीत आले, तेव्हा त्याचा अर्थ होता कोर्टात हजर राहण्याचा हुकूम देणे. पुढे माणसाऐवजी पुस्तके आणि लेखकही साक्षीला बोलावले जाऊ लागले. ‘रिसाइट’, ‘एक्साइट’ आणि ‘इन्साइट’ हे शब्दही याच कुळातले.

शिकणाऱ्यासाठी हे चित्र फार उपयोगी आहे. ‘साइट’ करणे म्हणजे साक्षीदार उभा करणे. साक्षीदाराचे नाव आणि पत्ता सांगितला की वाचक स्वतः जाऊन विचारू शकतो. म्हणूनच इंग्रजी निबंधात नुसते नाव पुरत नाही. वर्ष, पुस्तक किंवा लेख आणि बऱ्याचदा पानही लागते.

याच मुळामुळे ‘सायटेशन’ या नामाचे अर्थही बरेच पसरलेले आहेत. अमेरिकेत वाहतुकीचा नियम मोडल्यावर हातात पडणारी दंडाची पावती ‘सायटेशन’ असते. सैनिकाच्या शौर्याचा अधिकृत गौरवोल्लेखही ‘सायटेशन’च असतो. चिनी भाषेत कोर्टात बोलावण्याला ‘छुआन्हुआन’, दंडाच्या पावतीला ‘फादान’ आणि गौरवाला ‘ज्याज्यांग’ असे वेगवेगळे शब्द आहेत. तिथे ‘यिन्योंग’ लावले तर वाक्याचा अर्थच लागत नाही.

बातम्यांतला ‘साइट’

इंग्रजी बातम्यांत हमखास दिसणारी एक रचना अशी: अमुक मंत्र्याने ‘सायटिंग पर्सनल रीझन्स’ राजीनामा दिला. इथे कोणाचे पुस्तक नाही की वाक्य नाही. मंत्र्याने ते कारण दिले, एवढाच अर्थ आहे. चिनी भाषेत यासाठी वेगळी रचना आहे: ‘यी’ आणि ‘वेई योउ’ यांच्यामध्ये कारण ठेवायचे.

या वापरात आणखी एक बारकावा आहे. कारण खरे आहे की नाही, याची हमी बातमीदार घेत नाही. ते कारण कोणी दिले, तेवढेच तो सांगतो. मराठी बातम्यांत ‘वैयक्तिक कारण देत राजीनामा’ किंवा ‘सूत्रांच्या हवाल्याने’ असे लिहितात, तेव्हाही नेमके हेच घडते.

वाक्यात कुठे चुकते?

१. ‘साइट’नंतर ‘दॅट’ जोडणे. ‘लेखक साइट करतो की प्रदूषण वाढले आहे’ अशी रचना प्रमाण इंग्रजीत चालत नाही. ‘साइट’ला कर्म म्हणून नाम लागते: अहवाल, आकडा, उदाहरण, कारण किंवा व्यक्ती. ‘की’ने सुरू होणारे वाक्य हवे असेल तर ‘आर्ग्यू’, ‘क्लेम’ किंवा ‘पॉइंट आउट’ वापरावे. मराठीत ‘दाखला दिला की’ म्हणता येते, त्यामुळे मराठी भाषिकांचाही पाय इथे घसरतो.

२. मध्ये नको ते शब्दयोगी अव्यय घालणे. आधाराचे नाव क्रियापदाला थेट जोडायचे असते. ‘साइट अबाउट’ किंवा ‘साइट टू’ असे म्हणत नाहीत.

३. माणसाऐवजी त्याचे ‘शब्द’ घालणे. चिनी भाषेत साधारणपणे ‘आइन्स्टाइनचे बोलणे’ यिन्योंग करतात. इंग्रजीत थेट आइन्स्टाइनलाच ‘साइट’ करता येते. त्यात ‘बोलणे’ घातले की वाक्य पुन्हा ‘कोट’कडे झुकते.

४. रूप न बदलणे. चिनी क्रियापदाला काळाप्रमाणे वेगवेगळी रूपे नसतात. त्यामुळे ‘साइट्स’, ‘सायटेड’ आणि ‘सायटिंग’ यांची अदलाबदल सहज होते.

कानाला सारखे, कागदावर वेगळे

प्रमाण चिनी भाषेत शब्दाचा अवयव स्वराने किंवा ‘न’, ‘ङ’सारख्या मोजक्या ध्वनींनी संपतो. शेवटी ‘ट’ येत नाही. त्यामुळे काहींच्या तोंडी ‘साइट’चे ‘साइ’ होते, म्हणजे इंग्रजीत उसासा. काही जण शेवटी स्वर जोडून ‘साइते’ म्हणतात.

शिवाय अगदी असाच उच्चार असलेले आणखी दोन शब्द इंग्रजीत आहेत: जागा किंवा वेबसाइट या अर्थाचा आणि दृष्टी या अर्थाचा. ते दोन्ही ‘एस’ने सुरू होतात. संदर्भ देण्याचा ‘साइट’ मात्र ‘सी’ने सुरू होतो. तिन्ही शब्द अस्सल असल्याने संगणकाची साधी स्पेलिंग तपासणी ही चूक पकडत नाही. लक्षात ठेवायची युक्ती सोपी आहे: इंग्रजीत ‘कोर्ट’ही ‘सी’नेच सुरू होते आणि साक्षीदार कोर्टातच बोलावतात.

दोष संस्कृतीचा आहे का?

‘चिनी परंपरेत संदर्भ देण्याची पद्धतच नाही’ असे अनेकदा ऐकू येते. ते बरोबर नाही. प्राचीन चिनी ग्रंथांत ‘गुरू म्हणाले’ किंवा ‘काव्यसंग्रहात म्हटले आहे’ अशी सुरुवात जागोजागी दिसते. १९०५ मध्ये बंद झालेल्या राजपरीक्षांत उमेदवार आणि परीक्षक या दोघांनाही मूळ ग्रंथ पाठ असत. त्यामुळे ग्रंथाचे नाव आणि पान सांगण्याची गरजच पडत नसे. वाचकाला उगम ठाऊक आहे, हे तिथे गृहीत होते.

आजच्या चीनमध्येही नियम कडक आहेत. संदर्भयादी कशी लिहावी यासाठी ‘जीबी/टी ७७१४’ हे राष्ट्रीय मानक आहे. विद्यापीठांतील वाङ्मयचौर्यासह शैक्षणिक गैरप्रकार रोखण्यासाठी शिक्षण मंत्रालयाने २०१६ मध्ये स्वतंत्र नियमावली काढली.

थोडक्यात

शब्द जसेच्या तसे आणले तर ते ‘कोट’. आधार कोणाचा ते सांगितले तर ते ‘साइट’. दुसऱ्याचे शब्द आणले की दोन्ही करावे लागते. फक्त माहिती किंवा कल्पना घेतली तरी दुसरे चुकत नाही. लिहिताना चिनी भाषिकाने ‘मी कोणाचे वाक्य वापरले?’ एवढेच विचारून थांबू नये. ‘हे मला कोणाकडून कळले आणि वाचक त्याच्यापर्यंत कसा पोहोचेल?’ हेही विचारावे. निबंधावरच्या त्या लाल शेऱ्यात नेमके हेच विचारलेले असते.