खंडाची मुदत आणि जमिनीची मालकी : गोदावरी-प्रवरा खोऱ्यातील खंडकरी प्रश्नाचा ऐतिहासिक अभ्यास

बीजसंज्ञा : खंड, भाडेपट्टा, मुदतवाढ, कमाल जमीनधारणा, शेती महामंडळ

प्रस्तावना

भाडेपट्टा म्हणजे ठरावीक मुदतीपुरता दिलेला उपभोगाचा हक्क होय. मुदत संपल्यावर मालमत्ता मूळ मालकाकडे परत यावी, अथवा उभयपक्षी संमतीने मुदत वाढवावी, हे त्यातील गृहीत तत्त्व आहे. नवी मुंबईत सिडकोने ६० वर्षांच्या पट्ट्याने दिलेल्या भूखंडांवरील सदनिकाधारकांना मुदतवाढीची चिंता वाटते, ती याच तत्त्वातून. परंतु मुदत संपताना शासनसंस्था मध्ये आली तर काय घडते, याचे उदाहरण महाराष्ट्राच्या ग्रामीण इतिहासात आधीच घडून गेले आहे. नेवासा येथे ज्ञानेश्वरी रचली गेली ती प्रवरेच्या काठी. त्याच प्रवरेच्या वरच्या अंगाला श्रीरामपूर परिसरात आणि शेजारच्या गोदावरी कालव्यांच्या पट्ट्यात ‘खंडकरी’ शेतकऱ्यांचा प्रश्न निर्माण झाला. प्रस्तुत निबंधात त्याचा मागोवा घेतला आहे.

कालव्यांचे पाणी आणि खंडाचे करार

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस १८९६-९७ व १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्हा होरपळला. त्यानंतर सिंचनाच्या मोठ्या योजनांना गती मिळाली. भंडारदरा येथील धरणाचे काम १९१० मध्ये सुरू होऊन १९२६ मध्ये पूर्ण झाले. प्रवरेचे कालवे वाहू लागताच ऊस हे या भागातील प्रमुख नगदी पीक ठरले. मात्र उसाला पाण्याइतकीच भांडवलाचीही गरज होती. पाणीपट्टी, खत, बेणे आणि वर्षाहून अधिक काळ शेतात अडकून पडणारा पैसा, हा भार कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याला पेलणारा नव्हता. परिणामी पाणी त्याच्या बांधापर्यंत आले, तरी त्याचा पुरेपूर लाभ घेण्याची ऐपत त्याच्याकडे नव्हती.

ही पोकळी खाजगी कंपन्यांनी भरून काढली. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या बेलापूर कंपनीने हरेगाव येथे साखर कारखाना उभारला. १९३२ मध्ये साखर उद्योगाला जकात संरक्षण मिळाल्यानंतर टिळकनगर येथे महादेव लक्ष्मण डहाणूकर यांनी महाराष्ट्र शुगर मिल्सची उभारणी केली. कोपरगाव परिसरात साकरवाडी, लक्ष्मीवाडी, चांगदेवनगर येथेही कारखान्यांचे मळे विस्तारले. कारखान्याला उसाची खात्री हवी होती, म्हणून कंपन्यांनी आजूबाजूच्या शेतकऱ्यांच्या जमिनी दीर्घ मुदतीच्या खंडाने घेतल्या.

येथे ‘खंडकरी’ या संज्ञेचा विचार करणे आवश्यक ठरते. शब्दावरून खंड देणारा, म्हणजेच जमीन कसणारा, असा बोध होतो. या प्रदेशात मात्र खंडाने जमीन देणाऱ्या मालकालाच खंडकरी म्हणण्याचा प्रघात पडला. येथील ‘कूळ’ भांडवलदार कंपनी होती, तर ‘जमीनमालक’ बहुधा सामान्य शेतकरी होता. कूळ दुर्बल व मालक प्रबळ हे जमीन सुधारणा कायद्यांचे नेहमीचे गृहीतक येथे उलटे झाले होते. पुढील सर्व गुंतागुंत यातूनच उद्भवली.

कायदे आणि मुदतीचा लोप

मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ मधील १९५६ च्या दुरुस्तीने १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरला आणि कसणारी कुळे जमिनीची मालक मानली गेली. ऊसलागवडीसाठी व औद्योगिक उपक्रमांसाठी दिलेल्या खंडाच्या जमिनी मात्र कलम ४३-अ अन्वये या तरतुदींतून वगळण्यात आल्या. त्यामुळे कंपन्या खंडाच्या जमिनींच्या मालक होऊ शकल्या नाहीत आणि मुदतीनंतर जमीन परत मिळण्याची शेतकऱ्यांची आशा टिकून राहिली.

पुढील वळण कमाल जमीनधारणा कायद्याने आले. २६ जानेवारी १९६२ रोजी अंमलात आलेल्या या १९६१ च्या अधिनियमात ‘जमीन धारण करणे’ याची व्याख्या मालक म्हणून अथवा कूळ म्हणून प्रत्यक्ष कायदेशीर ताब्यात असणे अशी आहे. या एका व्याख्येमुळे खंडाची जमीनही कंपनीच्या धारणेत मोजली गेली. मालक शेतकऱ्याची स्वतःची जमीन कमाल मर्यादेच्या कितीही आत असली, तरी ती कंपनीच्या नावे अतिरिक्त ठरून शासनाकडे निहित होऊ शकत होती. शिवाय कारखान्यांचा कच्च्या मालाचा पुरवठा खंडित होऊ नये, यासाठी कलम २८ अन्वये असे मळे एकसंध ठेवण्याची तरतूद होती. त्यानुसार १९६३ मध्ये महाराष्ट्र राज्य शेती महामंडळ स्थापन झाले व हे मळे त्याच्याकडे आले. १९६४ मध्ये सतराव्या घटनादुरुस्तीने हा कायदा नवव्या अनुसूचीत समाविष्ट झाला आणि मूलभूत हक्कांच्या आधारे त्याला आव्हान देणे कठीण झाले. करारातील मुदतीचे कलम अशा रीतीने निरर्थक ठरले.

शासनाची भूमिका सर्वस्वी निराधार नव्हती. मळ्यांचे तुकडे झाल्यास उसाचे उत्पादन घटेल आणि शेतमजुरांचा रोजगार जाईल, ही भीती खरी होती. परंतु याच जिल्ह्यात दुसरा मार्गही सिद्ध झाला होता. विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणी येथे १९५० मध्ये सुरू झालेल्या सहकारी कारखान्यात शेतकऱ्याने जमीन स्वतःकडे राखून ऊस पुरविला. नेवासा तालुक्यातही पुढे भेंडे येथील ज्ञानेश्वर व सोनई येथील मुळा हे कारखाने याच पद्धतीने उभे राहिले. कारखान्याला ऊस मिळण्यासाठी शेतकऱ्याने जमिनीवरील ताबा सोडणे अपरिहार्य नव्हते, हे यावरून दिसते.

परतावा

कॉम्रेड माधवराव गायकवाड यांच्यासारख्या नेत्यांनी खंडकऱ्यांचा लढा दीर्घकाळ चालविला. अखेर कायद्यात दुरुस्ती होऊन २०१२ पासून जमिनींचे प्रत्यक्ष वाटप सुरू झाले. करार करणारी पिढी तोवर बहुतांशी काळाच्या पडद्याआड गेली होती. जमीन वारसांना मिळाली, तीही भोगवटादार वर्ग २ म्हणून, म्हणजेच हस्तांतरणावरील निर्बंधांसह. त्या वर्ग १ करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२३ मध्ये घेतला.

निष्कर्ष

इंग्लंडमध्ये १९९३ च्या कायद्याने सदनिकेच्या पट्टेदाराला मोबदला देऊन ९० वर्षांची मुदतवाढ मागण्याचा हक्क दिला. तेथे कायद्याने मुदत वाढविली ती राहणाऱ्यासाठी, मालकाला भरपाई देऊन. खंडकऱ्यांच्या बाबतीत कायद्याने मुदतच पुसून टाकली आणि लाभ मालकालाही झाला नाही, भूमिहीनालाही नाही. जमीन महामंडळाकडे राहिली. यावरून असे म्हणता येते की, भाडेपट्ट्याचे खरे मूल्य कागदावर लिहिलेल्या वर्षांत नसून ती वर्षे संपताना निर्णय कोणाच्या हाती असतो, यात असते. करार करताना खंडाचा दर बारकाईने पाहिला गेला. मुदतीनंतरच्या अधिकाराचा प्रश्न मात्र पुढच्या दोन पिढ्यांना सोडवावा लागला. शहरी सदनिकाधारकांच्या मुदतवाढीचे धोरण ठरविताना हा अनुभव दुर्लक्षून चालणार नाही.