सर्पगंधेची परीक्षा

सर्पगंधा ही कोंकणापासून बंगालपर्यंत ओल्या रानांत, झाडांच्या सावलींत उगवणारी, हातभर उंचीची झुडुपवजा वनस्पति. सर्पदंशावर उतारा म्हणून तिचें मूळ देत व त्यावरूनच तिला हें नांव पडलें, अशी समजूत आहे. त्या कामीं तिचा गुण सिद्ध झालेला नाहीं. बिहारकडे मात्र तिला ‘पागल की दवा’ म्हणत. हें गांवठी नांवच अखेरीस अधिक खरें ठरलें.

इ. स. १९३१ मध्यें गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनीं, वेड व रक्ताचा वाढलेला दाब या दोहोंवर या मुळीचा उपयोग होतो, असें प्रसिद्ध केलें. त्याच वर्षीं दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजांत सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनीं आपल्या सहकाऱ्यासह मुळींतून स्फटिकरूप द्रव्यें वेगळीं केलीं. त्यांपैकीं एकाला हकीम अजमलखान यांच्या स्मरणार्थ ‘अजमलीन’ असें नांव दिलें. पुढें एक चमत्कारिक गोष्ट आढळली. मन शांत करणारा व झोंप आणणारा गुण या देखण्या स्फटिकांत नव्हता. तो स्फटिक काढून घेतल्यावर उरणाऱ्या चिकट राळेंत होता. रसायनशाळेंत जो गाळ म्हणून सहज बाजूला सारला जावयाचा, त्यांतच मुळीचें सत्त्व दडलेलें होतें!

मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं रसायनाचा उलगडा होण्याची वाट पाहिली नाहीं. संबंध मुळीच्याच गोळ्या त्यांनीं रक्तदाबाच्या ५० रोग्यांना दिल्या, आणि दाबाचे आकडे औषधापूर्वीं व औषधानंतर टिपून ठेवले. ‘गुण आला’ एवढ्या शब्दावर भागविलें नाहीं. बहुतेकांचा दाब उतरला होता. हा वृत्तांत १९४९ मध्यें ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्यें छापून आला, आणि पिढ्यान्‌पिढ्यांची ऐकीव गोष्ट परदेशींच्या डॉक्टरांना पडताळून पाहतां येईल अशा रूपांत त्यांच्यापुढें गेली. बोस्टनचे रॉबर्ट विल्किन्स यांनीं ती पडताळूनहि पाहिली. १९५२ मध्यें बाझल येथील सीबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनीं त्या राळेंतून ‘रेसरपीन’ वेगळें केलें. १९५७ मध्यें वकिलांना अमेरिकेंतील लास्कर पारितोषिक मिळालें.

परंतु परीक्षा तेथें संपली नाहीं. रेसरपीन घेणारे कांहीं रोगी खिन्न, उदास होऊं लागले. हें औषध मेंदूंतील सिरोटोनिनाचा सांठा रिता करतें, असें १९५५ च्या सुमारास दिसून आलें; नवीं औषधें निघाल्यावर त्याचा वापर पुष्कळच कमी झाला. दरम्यान रानांतल्या झुडपांवर संकट ओढवलें होतें. मुळीसाठीं झाड समूळ उपटावें लागतें. १९९० पासून सर्पगंधेच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत.